फाटक, स्कूटी आणि छोट्या लाईनची सवय

डिसेंबरातली गोष्ट आहे, लिहू लिहू म्हणता फेब्रुवारी उजाडला. खरं सांगायचं तर लिहायची लाजच वाटत होती, कारण चूक माझीच होती आणि मागे बसलेला होता आमचा चिरंजीव, इयत्ता सहावी, दप्तरासकट.

ग्वाल्हेरचा डिसेंबर ज्यांनी पाहिलाय त्यांना कोहरा काय असतो ते सांगायला नको (घरात मराठी बोलतो तरी आम्ही त्याला धुकं म्हणत नाही, धुकं म्हणजे काहीतरी कवितेतलं वाटतं, हा कोहराच). त्या दिवशी व्हॅनवाला आला नाही, मग मी स्कूटी काढली. शाळा शहराच्या टोकाला, मधे मोठ्या लाईनचं, म्हणजे ब्रॉडगेज रेल्वेचं फाटक. कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, ग्वाल्हेरवाले ओळखतीलच आणि बाकीच्यांना काय फरक पडतो. फाटक उघडं होतं. पुढे एक ई-रिक्शा होती, ती आत शिरली म्हणून तिच्या मागे मीही शिरले. एवढंच केलं मी. कुठला नियम मोडला असं तेव्हा वाटलंही नाही, फाटक उघडं आहे म्हणजे जायचं, अजून काय.

ई-रिक्शा रुळांच्या पलीकडे जाऊन थांबली. थांबली कारण समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आलेली, तिच्या शेजारून दोन बोलेरो, आणि मधल्या फटीतून मोटरसायकली. आपल्याकडे फाटक बंद असलं की दोन्ही बाजूला लोक अख्ख्या रस्त्याची रुंदी भरून टाकतात ना, डावी बाजू उजवी बाजू काही नाही, आणि मग फाटक उघडलं की दोन फौजा समोरासमोर. पानिपतच. तर मी दुसऱ्या रुळाच्या बरोब्बर मधे उभी, मागे वळून पाहिलं तर माझ्या मागे अजून तीन गाड्या चिकटलेल्या. आणि हूटर वाजायला लागला.

चिरंजीव अगदी शांतपणे म्हणाला, "आई, कुठली गाडी येतेय?"

मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. कुठल्या बाजूने येतेय तेही माहीत नव्हतं. कोहऱ्यात वीस पावलांवरचं दिसत नव्हतं. गेटमन केबिनमधून लाल झेंडी घेऊन पळत आला, ट्रॅक्टरवाल्याला जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मग मला, "बहनजी, जब आगे जगह नहीं थी तो घुसीं क्यों?" तीन-चार मिनिटं लागली सगळं सुटायला. मला तो अर्धा तास वाटला. फाटक पडलं, आणि बऱ्याच वेळाने गाडी आली, ती पण अगदी हळू, रांगत. मी पलीकडे स्कूटी स्टँडवर लावून उभी होते, पाय थरथरत होते, आणि मुलगा म्हणतो, "ही तर किती स्लो आहे, आपण आरामात गेलो असतो."

तिथेच माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. कारण हे वाक्य मी ओळखत होते. हे वाक्य आमच्या अख्ख्या खानदानाचं आहे.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक छोट्या लाईनवर वाढलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्वाल्हेर ते श्योपुर अशी दोन फुटी रुळांची नॅरोगेज होती, जवळजवळ दोनशे किलोमीटर, शिंदे सरकारांच्या काळातली. दोनशे किलोमीटरला दहा-अकरा तास घ्यायची. माझं आजोळ सबलगढकडचं, त्यामुळे दर मे महिन्यात घोसीपुरा, मोतीझील करत ती गाडी आम्ही पकडायचो. छतावर माणसं, दाराला माणसं, मामा चालत्या गाडीतून उतरून कैरी तोडून परत चढायचा आणि आजी ओरडायची, पण ओरडायची ती कैरी धुतली नाही म्हणून. रस्ता ओलांडताना गाडी दिसली तर लोक काय करायचे? काही नाही. जायचे. गाडी शिट्टी मारत मारत यायची, माणसं बाजूला व्हायची, म्हैस बाजूला व्हायची, कधी गाडीच थांबायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू झाली नाही, आता तीच लाईन मोठी होतेय, जौरा-कैलारसच्या बाजूला ब्रॉडगेजची गाडी धावायलाही लागली.

पण सवय मात्र राहिली. आमच्या हाडात बसलंय की गाडी ही आपल्याला बघून थांबणारी वस्तू आहे. आणि ती सवय घेऊन आम्ही दिल्ली-झाशी मेन लाईनच्या फाटकावर उभे राहतो, जिथे शताब्दीसारख्या गाड्या ताशी १३० ने जातात.

संध्याकाळी नानांकडे गेले. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, रेल्वेत स्टेशन मास्तर होते, झाशी डिव्हिजनमधून रिटायर झाले. त्यांना सगळं सांगितलं, अगदी रडवेली होऊन. वाटलं जवळ घेतील. नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी किती मिनिटं डिटेन झाली?"

म्हटलं नाना, मी मरता मरता वाचले. म्हणाले, "नाही गं, तू मरत नव्हतीस. तुझ्यामुळे गाडी उभी होती. तू मरायला दुसरं फाटक लागलं असतं."

मग त्यांनी जे समजावलं ते मला चाळीस वर्षं फाटकावर उभं राहून कळलं नव्हतं, म्हणून नीट लिहितेय.

मेन लाईनवरची बरीच फाटकं सिग्नलला बांधलेली असतात, त्याला इंटरलॉक म्हणतात. म्हणजे फाटक पूर्ण खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. गेटमनच्या मनात असो नसो, होत नाही. त्यामुळे मी रुळावर उभी होते तेव्हा फाटक पडत नव्हतं, फाटक पडत नव्हतं म्हणून सिग्नल लाल होता, सिग्नल लाल होता म्हणून हजार-बाराशे माणसांनी भरलेली गाडी कोहऱ्यात कुठेतरी माझी वाट बघत उभी होती. अशा फाटकाच्या सिग्नलवर इंग्रजी 'जी' लिहिलेली पिवळी गोल पाटी असली तर ड्रायव्हर दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं थांबतो, मग शिट्टी मारत अगदी हळू फाटकापर्यंत येतो आणि गेटमनने झेंडी दाखवली की पुढे जातो. "म्हणून ती रांगत आली. आणि तुझा मुलगा म्हणतो स्लो आहे!"

मला एकदम शिंद्यांच्या जयविलास महालातली चांदीची आगगाडी आठवली. महालातल्या जेवणाच्या टेबलावर छोटे रूळ आहेत आणि त्यावरून चांदीची इवलीशी गाडी पाहुण्यांसमोरून दारू आणि सिगार फिरवायची, ग्वाल्हेरला आलेला प्रत्येक पाहुणा ती बघतोच. त्यातली गंमत अशी की कुणी गाडीतली सुरई उचलली की गाडी आपोआप थांबते, परत ठेवली की चालायला लागते. मी नानांना म्हटलं, म्हणजे हे तेच झालं की. नाना खूश झाले, म्हणाले, "अगदी. फक्त इथे सुरई म्हणजे तू."

पण, आणि हा पण मोठा आहे, सगळी फाटकं अशी नसतात. जिथे इंटरलॉक नाही तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो, गेटमन फाटक लावतो आणि आपला प्रायव्हेट नंबर सांगतो. दोन आकडी नंबर असतो, दोघांकडे वेगवेगळे छापील कागद असतात, एकाने दुसऱ्याचा नंबर वहीत लिहायचा, म्हणजे बोलणं झालं आणि फाटक लागलं याचा पुरावा. अख्खा भरवसा त्या फोनवर आणि त्या माणसावर. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवलं, ३ विद्यार्थी गेले, ते फाटक इंटरलॉक केलेलं नव्हतं. त्यानंतर सगळ्या फाटकांवर सीसीटीव्ही लावायचे आणि जास्तीत जास्त फाटकं इंटरलॉक करायची असे आदेश निघाले.

आणि त्याच्या आधीचं ते उत्तर प्रदेशातलं कुशीनगर, एप्रिल २०१८, बिनगेटमनचं फाटक, शाळेची व्हॅन, १३ मुलं. तेव्हा माझा मुलगा केजीत होता आणि मी दोन दिवस त्याला व्हॅनने पाठवलं नव्हतं, मग तिसऱ्या दिवशी पाठवलं, आपण सगळे असेच असतो. त्या अपघातानंतर मात्र कामाला वेग आला आणि जानेवारी २०१९ संपेपर्यंत ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची सगळी फाटकं बंद झाली, कुठे गेटमन बसवला, कुठे खालून बोगदा काढला, कुठे सरळ रस्ताच बंद केला. पावसाळ्यात त्या बोगद्यांत कमरेएवढं पाणी असतं हा वेगळा विषय, त्यावर लिहिलं तर ब्लॉग बंद पडेल.

बिनगेटमनच्या फाटकासाठी मोटर वाहन कायद्यात एक कलम आहे, १३१ वं, ते मला फार आवडलं. ड्रायव्हरने गाडी थांबवायची, कंडक्टर किंवा क्लीनर किंवा जो कोणी सोबत असेल त्याने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मग पुढे चालत गाडी पलीकडे न्यायची. आणि सोबत कुणी नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून बघून यायचं. कल्पना करा, आपल्याकडचा ट्रॅक्टरवाला उतरून दोन्हीकडे बघतोय! पण कायदा आहे, १९८८ पासून आहे. बंद फाटक स्वतःच्या हाताने उघडलं तर रेल्वे कायद्याच्या १६० कलमात ३ वर्षांपर्यंत कैद आहे, तोडलं तर ५ वर्षांपर्यंत. आणि आपण जे दांड्याखालून मोटरसायकल आडवी करून काढतो ना, मान वाकवून, हेल्मेट काढून (म्हणजे जे डोक्यावर असायला हवं ते बरोब्बर त्याच वेळी काढून हातात), ते रुळांवर बेकायदा घुसणंच आहे, त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी स्वतः कॉलेजात असताना सायकल अशी शेकडो वेळा काढलीय. लिहून टाकलं, बरं वाटलं.

आता तो प्रश्न जो प्रत्येक फाटकावर प्रत्येक माणूस विचारतो. गाडीचा पत्ता नाही आणि यांनी आत्तापासून का लावून ठेवलंय? मी नानांना जरा चिडूनच विचारलं. ते म्हणाले हिशोब कर. ताशी १३० म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. अशी गाडी जोरात ब्रेक लावला तरी थांबायला एक किलोमीटरच्या आसपास घेते, कधी जास्तच. म्हणून ड्रायव्हरला फाटकाचा सिग्नल हिरवा आहे की नाही हे खूप आधी कळावं लागतं, त्यासाठी एक किलोमीटर आधी डिस्टंट सिग्नल असतो आणि जिथे गाड्या पळतात तिथे दोन किलोमीटर आधी अजून एक. तो दुरूनच हिरवा दिसायला हवा, नाहीतर ड्रायव्हर ब्रेकला हात घालतो. म्हणजे गाडी तीन-चार किलोमीटरवर असताना फाटक लागलेलं हवं, आणि लागायच्या आधी आपल्यासारखे पाच-दहा "बस मैं निकल जाऊँ" वाले निघायला हवेत, त्यांचा वेळ गेटमनला धरावाच लागतो. आणि एकदा सिग्नल दिला की फाटक उघडता येत नाही, गेटमनचे पाय धरले तरी. लोक त्याला शिव्या देतात, कधी हात उचलतात, आणि त्याच्या हातात खरंच काही नसतं, चावीच अडकलेली असते.

दुसरी गाडी हे अजून एक. अपची गेली की लोक स्टार्टर मारतात, फाटक उघडत नाही, मग बडबड सुरू. डाऊनची येत असते. पायी जाणारे इथेच फसतात, कारण गेलेल्या गाडीच्या आवाजात येणाऱ्या गाडीचा आवाज बुडतो आणि शेवटचा डबा डोळ्यासमोरून सरकेपर्यंत पलीकडचा रूळ दिसतच नाही.

शिट्टीचं पण सांगते. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं, मी लहानपणी ते एखाद्या स्टेशनचं नाव समजायचे. सीटी, फाटक. ती पाटी फाटकाच्या ६०० मीटर आधी असते, तिथून ड्रायव्हर शिट्टी वाजवत येतो. सहाशे मीटर म्हणजे १३० च्या वेगाला सोळा-सतरा सेकंद. एवढ्या वेळात माझी स्कूटी थंडीत स्टार्ट होत नाही. कोहऱ्यात ड्रायव्हरला ती पाटीच दिसणार नाही म्हणून आता इंजिनात जीपीएसवालं एक यंत्र देतात, फॉग पास म्हणतात त्याला, पुढे सिग्नल आहे, पुढे फाटक आहे असं ते आधी सांगतं.

हे सगळं मी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं (अर्थातच) तर माझ्या मामेबहिणीचा अमेरिकेतून फोन आला. ती शिकागोच्या बाजूला राहते. म्हणाली, ताई आमच्याकडे उलटंच आहे गं. त्यांच्याकडे फाटकं आपोआप पडतात, गेटमन नाही, आणि नियम असा की गाडी पोचायच्या निदान २० सेकंद आधी दिवे-घंटा सुरू व्हायला हवेत. वीस सेकंद! आपल्याकडे पाच मिनिटांत आपण वेडे होतो. पण मग तिथे फाटकात गाडी अडकली म्हणून सिग्नल लाल होईल असं काही नाही, रेल्वे येतच असते. त्यामुळे तिथे सगळा भार रस्त्यावरच्या माणसावर. शाळेची बस फाटक उघडं असलं तरी प्रत्येक वेळी थांबते, ड्रायव्हर दार उघडून कान देऊन ऐकतो आणि मग जातो, रुळावर असताना गिअर बदलायचा नाही असाही नियम आहे. इंजिनाचा हॉर्न पण ठरलेला, दोन लांब, एक छोटा, एक लांब. तिचा मुलगा फोनवर वाजवून दाखवत होता, आमचा इकडून साथ देत होता, अर्धा तास हेच चाललं होतं.

तिनेच मला फॉक्स रिव्हर ग्रोव्हची गोष्ट सांगितली. त्यांच्याच इलिनॉय राज्यातलं छोटं गाव, २५ ऑक्टोबर १९९५. शाळेची बस रूळ ओलांडून पुढच्या लाल सिग्नलला थांबली. बसचं तोंड सिग्नलपाशी, आणि शेपूट रुळावर राहिलं. ड्रायव्हरला वाटलं आपण ओलांडलं. मागून लोकलने ते शेपूट उडवलं, ७ मुलं गेली.

मी तिला म्हटलं थांब जरा, आणि फोन ठेवला. कारण मी अगदी तेच केलं होतं. फरक एवढाच की माझ्या फाटकाला सिग्नल बांधलेला होता.

म्हणजे बघा, आपल्या डोक्यात फाटकाचा नियम एकच असतो, बंद असेल तर थांबा. पण गेटमनने जे विचारलं ते वेगळं होतं. पुढे जागा नव्हती तर शिरलात का? फाटक उघडं असणं म्हणजे पलीकडे आपल्यासाठी जागा असणं नव्हे. समोरची गाडी रूळ ओलांडून पूर्ण पुढे सरकेपर्यंत, आपल्या गाडीची लांबी मावेल एवढी मोकळी जागा दिसेपर्यंत, अलीकडच्या दांड्याच्या अलीकडेच थांबायचं. मी आता थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. परवा एकाने खिडकीतून विचारलं, "मैडम, मुहूर्त निकलवा रही हो?"

अडकलोच तर काय, हेही नानांना आणि बहिणीला दोघांना विचारलं. दोघांचं पहिलं वाक्य एकच, माणसं आधी बाहेर, गाडी गेली खड्ड्यात. स्टार्टर मारत बसायचं नाही. मग नाना म्हणाले धावत जाऊन गेटमनला सांगायचं, तो फोन करतो, लाल झेंडी लावतो आणि त्याच्याकडे फटाके असतात. दिवाळीचे नव्हेत, रुळावर लावायचे, चाकाखाली आले की धाडकन वाजतात आणि ड्रायव्हरला कळतं पुढे धोका आहे. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. तेवढं अंतर खडीवरून पळायचं, हातात झेंडी घेऊन! मला आमच्या फाटकावरचा तो माणूस आठवला, पन्नाशीचा असेल, मफलर, कानटोपी, पायात साधे बूट. बहिणीने जे सांगितलं ते वेगळंच होतं. रुळापासून लांब पळायचं, पण आगगाडी जिकडून येतेय त्या दिशेला तिरकं पळायचं. मला आधी उलटं वाटलं. पण गाडी धडकली की तुकडे पुढे उडतात, गाडीच्या दिशेने, म्हणून तिच्या पाठीकडे जाणारा वाचतो आणि तिच्यासोबत पळणाऱ्यावर सगळं येऊन पडतं. त्यांच्याकडे प्रत्येक फाटकावर निळी पाटी असते, त्यावर फोन नंबर आणि त्या फाटकाचा नंबर, फोन करून सांगायचं अमुक नंबरच्या फाटकात गाडी अडकलीय. आपल्याकडे फाटकाला नंबर असतो, पाटीवर लिहिलेला असतो, आपण कधी वाचत नाही. मी वाचला. आता पाठ आहे.

पूल का होत नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचंही गणित आहे. दिवसभरात किती गाड्या जातात आणि रस्त्यावरून किती वाहनं जातात यांचा गुणाकार करतात, टीव्हीयू म्हणतात. मोटार म्हणजे एक, बैलगाडी पण एक, ऑटोरिक्शा अर्धी, आणि माझी स्कूटी पाव. हा गुणाकार १ लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार अर्धा-अर्धा खर्च करून पूल बांधतात, म्हणजे बांधू शकतात. मग जमीन, मग टेंडर, मग निवडणूक, मग पुन्हा टेंडर. रेल्वे सुरक्षेवर नेमलेल्या अनिल काकोडकरांच्या समितीने तर फेब्रुवारी २०१२ मध्येच सांगितलं होतं की देशातली झाडून सगळी फाटकं, गेटमनवाली सुद्धा, ५ वर्षांत काढून टाका, खर्च धरला होता ५०,००० कोटी. काकोडकर आपल्या मध्य प्रदेशातले, बडवानीचा जन्म, मला उगाच अभिमान वाटतो. गेटमनवाली फाटकं अजून सतरा हजारांच्या आसपास आहेत.

आणि फाटकावरच्या त्या माणसाबद्दल दोन ओळी राहिल्या. मी जानेवारीत त्याला गजकचं खोकं द्यायला गेले, मुरैन्याची, खास आणलेली. घेईना. "बहनजी, ड्यूटी पे हूँ।" गाडी येत होती. तो झेंड्या घेऊन बाहेर येऊन उभा राहिला, गाडीकडे तोंड करून, आणि एकेक चाकाकडे बघत होता. मला वाटायचं गेटमन उगाच उभा असतो. तो बघत असतो कुठून धूर येतोय का, काही लोंबतंय का, कुठला ॲक्सल तापलाय का, आणि शेवटी शेवटच्या डब्याची खूण दिसली का, म्हणजे गाडी पूर्ण गेली, मधेच तुटून अर्धी मागे राहिली नाही. शेवटच्या डब्यातल्या गार्डने (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) हिरवी झेंडी दाखवली, याने पण दाखवली. मग फाटक उघडलं, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मग म्हणाला, "अब दो।"

मागच्या रविवारी नानांना आणि चिरंजीवांना घेऊन रिक्शाने त्याच रस्त्याने एका मुंजीला निघालो होतो. फाटक लागलं. रिक्शावाला डाव्या बाजूने पुढे घुसायला बघत होता, नाना म्हणाले, "भैया, इथेच." मालगाडी होती, कोळशाची. नाना मोजायला लागले, चिरंजीव मोजायला लागला, मी पण लागले. नानांचे ५८ आले, त्याचे ५९. नाना म्हणतात गार्डचा डबा धरायचा नाही, तो म्हणतो डबा तो डबा. फाटक उघडलं, पलीकडे जागा झाली, रिक्शा निघाली, हे दोघं मुंजीच्या मांडवापर्यंत भांडत होते, आणि मला खरं म्हणजे ५७ च आले होते पण मी गप्प बसले.